दोन किल्वर म्हणजे किल्वर नव्हे

गोकुळाष्टमीच्या रात्री आमच्या जुन्या नाशकातल्या वाड्यात पत्ते निघायचे. बारा वाजता पाळणा हलायचा, तोवर जागे राहायला काहीतरी हवे, म्हणून त्या एका रात्री मोठ्यांचीही ना नसे. डाव बहुधा मेंढीकोटाचा. चौघे, समोरासमोरचे भिडू, आणि ज्यांच्याकडे दश्श्या जास्त त्यांची सरशी. पण खरी मजा पानांत नसायची, खुणांत असायची. भिडूने कान खाजवला की हुकमाचा एक्का त्याच्याकडे. त्याला खोकला आला की दश्शी अडकली आहे, सोडव. पकडले गेलो की 'खूण केली, खूण केली' असा गलका व्हायचा आणि पाने विस्कटली जायची. ओरडणारे दोघेही मघापासून तेच करत होते हे सगळ्यांना ठाऊक असे.

पुढे ब्रिज शिकायला बसलो तेव्हा पहिला धक्का बसला तो याच बाबतीत. या खेळात भिडूला हातातली पाने कळवायला बंदी नाही. उलट कळवणे हाच निम्मा खेळ आहे. अट एवढीच, की जे कळवायचे ते ठरलेल्या शब्दांत कळवायचे, आणि त्या शब्दांचा तुमच्यात ठरलेला अर्थ विरुद्ध बाजूच्या दोघांनाही माहीत असायला हवा. इंग्रजीत ज्याला कन्व्हेन्शन म्हणतात त्याला मराठीत 'संकेत' हा नेमका शब्द आहे. खूण लपवायची असते, संकेत उघडा असतो. खुणेपासून संकेतापर्यंत यायला पत्त्यांच्या खेळाला मोठा काळ लागला. ही चढण सर्वांत स्वच्छ दिसते ती एका अगदी लहान जागी: एका भिडूने 'एक बिनहुकूम' अशी बोली लावली, आता दुसऱ्याने काय बोलायचे?

ज्यांनी ब्रिज खेळलेला नाही त्यांनी जजमेंट आठवावे. पाने वाटून झाली की आपण किती हात करू ते आधी सांगायचे आणि तेवढेच करून दाखवायचे. ब्रिजमध्ये हे सांगणे लिलावासारखे चालते. किल्वर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांत वर बिनहुकूम अशी पाच नावे, आणि एक ते सात अशा सात पायऱ्या. 'एक'चा अर्थ सहावर एक, म्हणजे सात हात. पाच साते पस्तीस बोल्या. पास, डबल आणि रीडबल धरून अडतीस शब्द. बावन्न पानांतून एकाच्या वाट्याला येऊ शकणारे तेरा पानांचे वेगवेगळे हात मात्र ६,३५,०१,३५,५९,६००. एवढा ऐवज अडतीस शब्दांत सांगायचा म्हटल्यावर शब्दांना जास्तीचे अर्थ चिकटणारच. कमी शब्दांत संसार करणाऱ्या प्रत्येक भाषेचे असेच होते. आपल्याकडे 'बघू' या एका शब्दात होकार, नकार आणि टाळाटाळ असे तिन्ही अर्थ नांदतात.

पाने वाटण्याआधी किंवा पहिली उतारी करण्याआधी काही ठरवून घेणे आपल्याकडे नवे नव्हते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, एकूण एकशेवीस गोल पत्ते. दिवसा खेळ असेल तर राम ज्याच्या हाती त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्ण ज्याच्याकडे त्याने. पंचवटीच्या गावातल्या माणसाला हे ऐकून बरे वाटते. पण गंजिफाच्या या संकेतात बोली नाही. देवाचे नाव येते ते मान म्हणून, निरोप म्हणून नव्हे.

निरोपाचा खेळ पश्चिमेकडून आला, आणि त्याच्या एका वळणावर हिंदुस्थानचा शिक्का आहे. ब्रिजचा पूर्वज असलेल्या जुन्या व्हिस्टमध्ये वाटणाऱ्याचे शेवटचे पान उघडे करत आणि तोच हुकूम ठरे. कोणी काही बोलायचेच नाही. १८८६ साली लंडनमध्ये 'बिरिच, अर्थात रशियन व्हिस्ट' असे एक छोटेसे चोपडे निघाले. त्यात वाटणाऱ्याला किंवा त्याच्या भिडूला हुकूम सांगण्याची मुभा होती, आणि हुकूमच नको असेल तर 'बिरिच' म्हणायची. म्हणजे ज्या शब्दावरून या खेळाला आज जगभर ब्रिज म्हणतात, तो शब्द त्या चोपड्यात बिनहुकमाची बोली होता. चौघांनी लिलाव बोलण्याची कल्पना यानंतरची. ब्रिजच्या इतिहासात तिची गोष्ट अशी सांगतात, की हिंदुस्थानातल्या एका आडबाजूच्या ठाण्यावर तीन इंग्रज मुलकी अधिकारी होते, चौथा भिडू मिळेना, म्हणून तिघांनी चौथ्याच्या पानांसाठी चढाओढ लावली. 'जॉन डो' या टोपणनावाने ऑक्शन ब्रिजवरचे पुस्तक १८९९ मध्ये अलाहाबादला छापले गेले.

ते आडबाजूचे ठाणे आपली देवळाली होती असे ठोकून द्यायचा मोह नाशिककराला होणे साहजिक आहे. मी तो आवरतो. पण त्या गोष्टीतला कंटाळा मात्र देवळालीला परका नाही. १८६१ पासून तिथे लष्कराचा तळ. मुदत संपलेले गोरे शिपाई मुंबईहून बोट मिळेपर्यंत तिथे थांबत. सैन्याच्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच सुटत. ज्याची नोकरी एप्रिलमध्ये संपली त्याला अख्खा उन्हाळा आणि पावसाळा तिथे काढावा लागे. काम नाही, घर नाही, डोक्यावर ऊन. डोके फिरणे या अर्थी इंग्रजीत 'डूलॅली' हा शब्द रूढ झाला तो इथूनच. पूर्वी पुरता शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप' असा होता, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. माणसे अशी अडकून पडली की पत्त्यांना बरकत येते. मनमाडहून मुंबईला रोज जाणारे पंचवटी एक्सप्रेसचे पासधारक हे आजही सिद्ध करतात.

आज आपण खेळतो ते काँट्रॅक्ट ब्रिज १९२५ सालचे. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट हा अमेरिकन धनाढ्य 'फिनलंड' नावाच्या बोटीवरून पनामा कालव्यामार्गे हवानाला चालला होता. जेवढे बोलाल तेवढेच गेमच्या खात्यात धरायचे, या तत्त्वावर त्याने बोटीतच गुणांचे नवे कोष्टक बसवून पाहिले. एक गेम जिंकलेल्या बाजूचा दंड वाढतो. त्या अवस्थेला काय म्हणावे हे सुचेना तेव्हा बोटीवरच्या एका तरुणीने 'व्हल्नरेबल' हा शब्द दिला. शंभर वर्षे तो शब्द जगभरच्या टेबलांवर रोज उच्चारला जातो. त्या तरुणीचे नाव पुढे व्हँडरबिल्टलाही आठवले नाही. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सगळा इतिहास कोणाचे नाव राहते आणि कोणाचे जाते याचाही आहे.

त्याच १९२५ साली नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२८ पासून शेजारच्या छापखान्यात नोटा छापल्या जाऊ लागल्या. योगायोग आहे, त्याला जास्त अर्थ चिकटवायचे कारण नाही. पण नोटा छापणाऱ्या गावात संकेत म्हणजे काय हे समजावणे सोपे जाते. नोटेचा कागद पाच रुपयांचा नसतो. तो पाच रुपये समजायचा असे सगळ्यांनी मान्य केलेले असते, आणि हे मान्य केलेले जाहीर असते म्हणूनच नोट चालते. 'दोन किल्वर' ही बोली अशीच चालते. ती बोलणाऱ्याच्या हातात एकही किल्वर नसेल, तरी चालते.

ते कसे, हे समजायला बिनहुकमाच्या बोलीचा स्वभाव पाहायला हवा. 'एक इस्पिक' म्हणणारा फार थोडे सांगतो; त्याच्याकडे पाच इस्पिक असतील किंवा सात, बारा पॉइंट असतील किंवा एकोणीस. 'एक बिनहुकूम' म्हणणारा जवळजवळ सगळेच सांगून टाकतो. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, असे गड्डीत चाळीस पॉइंट. मिल्टन वर्कने ही मोजणी प्रसिद्ध केली आणि १९४९ नंतर चार्ल्स गोरेनच्या पुस्तकांनी ती घरोघर नेली. बिनहुकूम बोलणारा म्हणतो: माझे पॉइंट या तीन आकड्यांतले एक आहेत, समजा १५, १६ किंवा १७; आणि माझी पाने सगळ्या रंगांत सारखी पसरलेली आहेत, ४-३-३-३, ४-४-३-२ किंवा फार तर ५-३-३-२. असे बेताचे हात थोडेथोडके नसतात, एकूण वाटण्यांत ते जवळजवळ ४८ टक्के भरतात. एवढे सांगून झाल्यावर तो मोकळा झाला. आता दोन्ही हातांची बेरीज त्याच्या भिडूलाच करता येते. इंग्रजी पुस्तके त्याला कप्तान म्हणतात. मला तो एकत्र कुटुंबातल्या त्या धाकट्या भावासारखा वाटतो: कमावतो मोठा, पण पैशांचा हिशेब धाकट्याकडे, म्हणून घराचे निर्णयही शेवटी धाकट्याचेच.

सुरुवातीला मात्र या कप्तानाजवळ फारशी हत्यारे नव्हती. दोन किल्वर म्हटले की किल्वरच, दोन बदाम म्हटले की बदामच. हात दुबळा असेल तर लांब रंग बोलून थांबायचे, दमदार असेल तर तीनवर उडी मारायची. सर्वांत जास्त नुकसान व्हायचे ते चार-चारच्या जोडीचे. एक हात मांडून पाहू. बोलणाऱ्याकडे इस्पिक राजा, राणी, अठ्ठी, चव्वी. बदाम एक्का, सत्ती. चौकट राजा, राणी, पंजी. किल्वर राजा, छक्की, तिर्री, दुर्री. सतरा पॉइंट. भिडूकडे इस्पिक एक्का, गुलाम, सत्ती, तिर्री. बदाम अठ्ठी, चव्वी. चौकट गुलाम, दश्शी, छक्की, दुर्री. किल्वर एक्का, नव्वी, पंजी. दहा पॉइंट. सतरा आणि दहा सत्तावीस. गेमला पंचवीस पुरतात, म्हणून जुन्या पद्धतीने भिडू सरळ 'तीन बिनहुकूम' म्हणून मोकळा होणार. मग बदामाची उतारी येते. आपल्याकडे बदामाचा एक एक्का, तो फार तर एक फेरी दाबून ठेवता येतो. चौकटीचा एक्का शत्रूकडे. तो काढायला गेलो की त्यांचे राहिलेले बदाम एकामागून एक उतरतात आणि डाव एका हाताने पडतो. हेच चार इस्पिक खेळले असते तर एक बदाम, एक चौकट आणि एक किल्वर सोडून दहा हात. विरुद्ध बाजूचे इस्पिक तीन-दोन असावेत एवढीच अपेक्षा, आणि तसे ते शंभरांत अडुसष्ट वेळा असतात. एवढी सुरेख जोडी असून ती एकमेकांना कळली नाही, कारण विचारायला शब्दच नव्हता.

तो शब्द 'दोन किल्वर'मधून काढला गेला. भिडू, तुझ्याकडे चार बदाम किंवा चार इस्पिक आहेत का? असतील तर तो रंग दोनवर सांग, नसतील तर 'दोन चौकट' म्हण. वरच्या हातावर बोली अशी होईल: एक बिनहुकूम, दोन किल्वर, दोन इस्पिक, चार इस्पिक. सॅम स्टेमन याने जून १९४५ च्या 'ब्रिज वर्ल्ड' मासिकात याविषयी लेख लिहिला आणि संकेताला त्याचे नाव पडले. कल्पना मुळात त्याचा भिडू जॉर्ज रापे याची होती. तिकडे लंडनमध्ये जॅक मार्क्सने १९३९ मध्येच असा संकेत आखला होता. मध्ये युद्ध आले आणि त्याचे लिखाण प्रसिद्ध झाले ते १९४६ मध्ये. रापे आणि स्टेमन या जोडीने १९५०, १९५१ आणि १९५३ अशी तीन जागतिक अजिंक्यपदे बरोबर जिंकली, म्हणजे नावावरून दोघांत वितुष्ट आले नसावे. पण आज नाशकात काय किंवा नॉर्वेत काय, कोणी 'रापे' म्हणत नाही.

या सोयीला किंमत पडली. खरोखर किल्वरचा लांब, दुबळा हात आला तर 'दोन किल्वर' म्हणून थांबण्याची वाट बंद झाली. संकेताचा हिशेब नेहमी असाच मांडावा: किती मिळाले यापेक्षा त्यासाठी कुठला साधा शब्द खर्ची पडला, हे आधी पाहावे. स्टेमनच्या बाबतीत सौदा स्वस्तात झाला, म्हणून तो ऐंशी वर्षे टिकला.

दुसरा सौदा जास्त चतुर. पाच बदाम आणि दुबळा हात असलेला भिडू 'दोन बदाम' म्हणाला तर खेळणारा तो ठरतो आणि दमदार हात डमी म्हणून टेबलावर उघडा पडतो. शिवाय पहिली उतारी त्या दमदार हाताच्या राजा-राण्यांवर चाल करून येते. म्हणून एक रंग खालचा बोलायचा. 'दोन चौकट' म्हणजे बदाम, 'दोन बदाम' म्हणजे इस्पिक. बिनहुकूम बोलणाऱ्याने निमूटपणे वरचा रंग म्हणायचा. दमदार हात झाकलेला राहतो, आणि भिडूला आणखी एकदा बोलायची संधी मिळते. माझ्या मते खरा लाभ हा दुसराच आहे. याचे नाव जेकोबी ट्रान्स्फर, कारण ऑस्वाल्ड जेकोबीने १९५६ मध्ये त्यावर लिहिले. स्वीडनच्या ओले विल्नरने हे दोन-तीन वर्षे आधीच आपल्या भाषेतल्या मासिकात मांडले होते. स्वीडिश वाचणारे थोडे.

ट्रान्स्फरने जगात जेवढे संसार मोडले तेवढे दुसऱ्या कुठल्या संकेताने मोडले नसतील. गंगापूर रोडवरच्या एका घरी दर शनिवारी आमचे टेबल बसे. माझे भिडू बँकेतून निवृत्त झालेले, आकड्यांना पक्के. मी 'दोन बदाम' म्हटले, ते पास म्हणाले. माझ्याकडे सहा इस्पिक आणि बदामाचे एकच पान. आठच्या आठ हात हवे होते, चार झाले. पाने गोळा करताना मी म्हटले, "अहो, ते बदाम नव्हते, इस्पिक होते!" ते शांतपणे म्हणाले, "मग इस्पिकच म्हणायचे होते ना." त्या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आम्ही ट्रान्स्फर खेळायचे ठरवले होते असे मला वाटत होते. त्यांना वाटत होते की ते मी एकट्यानेच ठरवले होते.

एक्के विचारण्याचा संकेत मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याचा उपयोग लोक समजतात त्याच्या निम्माही नाही. बिनहुकमावर 'चार बिनहुकूम' ही बोली एक्के विचारत नाही. तुझे पॉइंट वरच्या आकड्याचे असतील तर सहावर जा, एवढेच ती म्हणते. एक्के विचारायला 'चार किल्वर'. ह्यूस्टनच्या जॉन गर्बरने हा संकेत १९३८ मध्ये रूढ केला; स्वित्झर्लंडमधल्या दोघांनी तो १९३६ मध्येच छापला होता. पुन्हा तेच. आणि नावाच्या गमतीचा कळस म्हणजे लेबेनसोल. बिनहुकमावर शत्रूने मध्येच तोंड घातले तर काय करायचे याचा हा प्रसिद्ध संकेत. ज्या केन लेबेनसोल्डच्या नावावर तो चढला त्याने स्वतःच सांगितले, हा माझा नव्हे. नाव छापताना शेवटचे अक्षरही बदलले गेले, आणि ती चूक तशीच कायम झाली.

ही सगळी नावे लिहिणाऱ्यांची आहेत. संकेत सुचणे फार अवघड नसते. एकच अडचण चार देशांतल्या चार टेबलांवर येते आणि चौघांना साधारण तेच उत्तर सुचते. मासिकाला कोण पाठवतो, एवढाच प्रश्न. आपल्याकडे चांगले खेळाडू झाले नाहीत असे नाही. मुंबईच्या जग्गी शिवदासानींनी १९८७ मध्ये अमेरिकेतली स्पिंगोल्ड ही मातब्बर स्पर्धा जिंकली. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ब्रिज पहिल्यांदाच आले, तेव्हा कोलकात्याच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोड्यांचे सुवर्णपदक आणले. एक साठीचे, दुसरे छपन्न वर्षांचे. मिश्र संघाच्या कांस्यपदकात मुंबईच्या हेमा देवरा होत्या, पुरुष संघाच्या कांस्यपदकात शिवदासानी होते. पण ज्या देशाच्या एका ठाण्यावर बोलीचा लिलाव सुरू झाल्याचे सांगतात, त्या देशाच्या माणसाचे नाव लागलेला, जगभर चालणारा बिनहुकमावरचा एकही संकेत नाही. आमची विद्या तोंडी. शनिवारी टेबलावर ठरते, रविवारी विसरते.

आता मूळच्या खुणांकडे येतो, कारण न लिहिण्याचा दुसरा तोटा पहिल्याहून मोठा आहे. १९६५ मध्ये ब्युनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरो या इंग्रज जोडीवर आरोप झाला, की पत्ते धरलेल्या बोटांच्या संख्येवरून ते एकमेकांना बदाम किती ते कळवतात. जागतिक संघटनेने त्यांना दोषी धरले, पुढे इंग्लंडमधल्या चौकशीने निर्दोष. ज्या रीसची पुस्तके वाचून आपल्याकडच्या दोन पिढ्या ब्रिज शिकल्या, त्याच्याबद्दलचा हा वाद आजही मिटलेला नाही. १९७५ मध्ये बर्म्युडात भिडूंच्या मध्ये आडवा पडदा लावला, तर एक इटालियन जोडी टेबलाखालून पायांनी बोलताना सापडली. बोलीचा आवाजही काही सांगून जातो म्हणून स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात बोलीच्या पेट्या निघाल्या. आता तोंडाने कोणी काही बोलतच नाही, छापील पाने पुढे ठेवतात. ही सारी यातायात माणसाने कान खाजवू नये म्हणून.

आमच्या गावोगावच्या टेबलांवर बोटे मोजणारे कोणी नाही. इथला प्रकार सौम्य आणि म्हणून जास्त चिवट आहे. वीस वर्षे एकत्र खेळणारी जोडी असते. त्यांचा 'एक बिनहुकूम' जुन्या इंग्रजी पुस्तकांतला, १२ ते १४ पॉइंटांचा. लंडनच्या एकोल रोडवर १९३० च्या दशकात जमलेल्या मंडळींनी ती पद्धत घडवली आणि तिथून ती साम्राज्यभर गेली. शेजारच्या टेबलावरचा तरुण संगणकावर शिकलेला, त्याचा बिनहुकूम १५ ते १७ चा. म्हातारे भिडू 'दोन चौकट' म्हणतात. तरुण नियमाप्रमाणे विचारतो, "काका, याचा अर्थ काय?" आणि उत्तर येते, "ते आमचे आपले असते काहीतरी." हे लबाडीने म्हटलेले नसते. कधी लिहून काढलेच नाही, म्हणून सांगता येत नाही. पण सांगता न येणारा संकेत पुन्हा खूण होतो. नियमपुस्तक या बाबतीत कठोर आहे: भिडूंमधला समज वर्षानुवर्षे खेळून मुरलेला असो की वहीत टिपलेला, तो विरुद्ध बाजूला उघड असायलाच हवा. आमच्या स्पर्धांत पंच दोन पाने चुकीच्या क्रमाने खेळली तर धावत येतात आणि या गोष्टीकडे काणाडोळा करतात, हे मला उलटे वाटते.

'उघड' या शब्दाला आपल्याकडे आणखी एक धार आहे. पत्ते म्हटले की पोलिसांच्या डोळ्यांपुढे जुगाराचा अड्डा येतो. सर्वोच्च न्यायालयात १९६० च्या दशकाच्या अखेरीस रमीचे प्रकरण गेले, तेव्हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी रमीला कौशल्याचा खेळ ठरवताना माप म्हणून ब्रिज घेतले: ब्रिजच्या वाटणीत दैवाचा जेवढा भाग तेवढाच रमीत, असा तो मुद्दा. हिदायतुल्ला नागपूरच्या कोर्टात वाढलेले. रमीला ब्रिजच्या आडोशाने प्रतिष्ठा मिळाली आणि खुद्द ब्रिज मात्र निवृत्तांचा खेळ म्हणून कोपऱ्यात राहिला. नाशकात तोफखान्याचे अधिकारी आहेत, प्रेसमधली नजर बसलेली माणसे आहेत, ओझरला विमाने बनवणारे अभियंते आहेत. हा खेळ शिकायला याहून योग्य वस्ती कुठली? शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी पंधरा इंग्रजी नावे तोंडावर फेकली नाहीत तर बरीच मुले टिकतील. किल्वर, चौकट, बदाम, इस्पिक, बिनहुकूम, भिडू, उतारी, एवढी शब्दसंपत्ती आमच्याकडे आधीच आहे. तीन संकेत पुरे: एक विचारायचा, एक सरकवायचा, एक थोपवून धरायचा. चौथा मागणाऱ्याला आधीचे तीन लिहून दाखवायला सांगावे.

'दोन बदाम'च्या त्या शनिवारनंतर पुढच्या आठवड्यात माझे भिडू कालनिर्णयचे मागच्या महिन्याचे पान घेऊन आले. पाठीमागच्या कोऱ्या जागेत त्यांनी बँकेतल्या हस्ताक्षरात रेघा आखल्या होत्या. एक बिनहुकूम: १५ ते १७. दोन किल्वर: चार बदाम किंवा चार इस्पिक आहेत का. दोन चौकट: माझे बदाम, तुम्ही दोन बदाम म्हणा. दोन बदाम: माझे इस्पिक, आणि याच्यापुढे कंसात, 'पास म्हणायचे नाही'. चार किल्वर: एक्के किती. विरुद्ध बाजूने मागितले तर वाचायला द्यायचे, असे खाली अधोरेखित. 'दोन इस्पिक'च्या समोर मात्र जागा रिकामी होती. त्या बोलीला जगातही सगळे एकच अर्थ लावत नाहीत. कोणी तिने किल्वर दाखवतो, कोणी दोन्ही खालचे रंग, कोणी नुसते पॉइंट विचारतो. मी किल्वर म्हणालो. ते म्हणाले, "विचार करून सांगतो." याला आता सहा वर्षे झाली. पान मधल्या घडीवर फाटायला आले, म्हणून गेल्या दिवाळीत चिकटपट्टी लावली. ती ओळ अजून कोरी आहे, आणि आम्ही दोघेही ती बोली टाळतो.